गेटवरच्या बाईंची नोटीस

डहाणूत आमच्या कॉलेजच्या गेटशी एक बाई ताडगोळे विकायला बसायच्या. अंगठ्याने दाबून बघत कोवळे तेवढे मला काढून द्यायच्या. एकदा त्यांनी नगरपरिषदेची नोटीस माझ्यापुढे धरली. "सर, जरा वाचून दाखवा."

सोबत आम्हा प्राध्यापकांचा अर्ज जोडलेला होता : गेटवरचे विक्रेते घाण करतात, त्यांना हटवा. स्टाफरूममध्ये तो फिरत आला, तेव्हा मी चहा पिता पिता सही ठोकली होती. पूर्ण वाचला तो आत्ता, त्यांच्यासाठी.

बाई शांतपणे म्हणाल्या, "आम्ही अंगठा देतो, तरी आधी विचारून घेतो, काय लिवलंय." मग विचारलं, "खाली कोणाच्या सह्या हायत?"

तिसरी माझी होती.

"अक्षर लागत नाही," मी म्हणालो.