ओव्यांची एकच प्रत

माझी बायको चौथी शिकलेली. मी गावच्या वाचनालयात जन्मभर रजिस्टरं लिहिली, पण तिच्या अक्षरापुढं माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. आमच्या बुद्धवाड्यातल्या म्हाताऱ्या बायांच्या ओव्या तिनं लिहून घेतल्या. कुणाकडं दळताना बसली, कुणाबरोबर हळद काढायला गेली. पानावर वर बाईचं नाव, खाली तिची ओवी. लिहायची शाईच्या पेनानंच. बॉलपेनानं अक्षर मरतं म्हणायची.

सात वह्या भरल्या आणि ती गेली. वह्या पत्र्याच्या पेटीत माझ्याकडं राहिल्या. पुढं वस्तीत रीतच पडली. बाई वारली की पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे मयताच्या कार्याच्या, आधी घरचं कुणीतरी माझ्याकडं येणार, मी पान काढणार आणि त्या दिवशी सगळ्यांसमोर उभा राहून तिची ओवी वाचणार. माहेरी आलेल्या लेकीही यायच्या, 'मामा, मायची ओवी दाखवा की' म्हणून. मग चहा व्हायचा, तासभर बोलणं व्हायचं. माझा पोरगा पुण्यात. त्याचा फोन रविवारी, तोही 'जेवलात का' एवढाच. त्या पेटीमुळंच माझ्या दारात चपला दिसायच्या, खोटं कशाला बोलू.

कुरुंद्याच्या या पट्ट्यात आमच्यामागं दोन तकलीफी. पावसाळ्यात ओढा घरात शिरतो, आणि अधूनमधून जमिनीतून गडगड आवाज येतो, भांडी वाजतात, आमी अंगणात पळतो. जुन्या वस्तू, कागद अशा वेळी कसे वाचवायचे याचं वसमतला एक शिबिर झालं. शेजारची अंगणवाडीची बाई मला ओढून घेऊन गेली. शिकवणाऱ्या साहेबांना मी विचारलं, "पेटी ठेवू कुठं?" ते म्हणाले, "पुरासाठी उंचावर, भूकंपासाठी खाली."

"मंग काय साहेब, डोक्यावर घेऊन बसू?"

सगळे हसले. साहेबही हसले, पण मग नीट सांगितलं. पेटी कुठंही ठेवा, आतल्या वह्यांची प्रत मात्र दुसऱ्या गावात पाहिजे.

दुसऱ्याच दिवशी ती अंगणवाडीची बाई फोन घेऊन दारात. "द्या वह्या मामा, दोन दुपारीत फोटो काढून टाकते. तालुक्याच्या वाचनालयात बी देऊन ठेवू."

मी म्हणालो, आज न्हाई. मग म्हणालो, जरा ऊन उतरू दे. मग म्हणालो, पानं जुनी हायेत, तुझ्या हातून फाटतील.

"मी काय लेकरू हाये का?" म्हणून ती तणतणत गेली. खरं कारण मी तिला सांगितलं नाही. ओव्या सगळ्यांच्या फोनात गेल्या तर माझ्या घरी कोण येणार होतं? मेल्यासारखं एकटं बसायचं भ्या वाटलं मला. एवढंच होतं ते.

पावसाळ्याच्या तोंडावर जमीन हादरली आणि माळ्यावरची पेटी काठापर्यंत सरकली. मी घाबरून ती खाली घेतली, खाटेखाली सरकवली. माझ्या मते मोठं शहाणपण केलं. महिन्याभरानं मी डोळे दाखवायला वसमतला गेलो आणि त्याच सकाळी ओढ्याला पाणी आलं. दुपारी परत आलो तर घरात गुडघाभर गाळ. वह्या उघडल्या. एकूणएक पान निळं. अक्षर एक नाही. चार दिवस पानं खाटेवर वाळवत बसलो, उगाच.

कुणाला सांगितलं नाही. कडी लावून घरात बसायचो. कुणी हाक मारली तर झोपल्याचं सोंग.

दिवाळीनंतर अंगणवाडीच्या बाईची आई वारली. पुण्यानुमोदनाच्या आदल्या दिवशी ती आली. मी पेटी उघडून तिच्यापुढं ठेवली. तिनं एक वही चाळली, दुसरी चाळली.

"मायचं पान कोनतं?"

"कोनतंच न्हाई आता."

"मी मागितल्या होत्या, मामा. काहून न्हाई दिल्या?"

मग मी सांगितलं. मान खाली घालून सांगितलं, की वह्या दिल्या असत्या तर तुमी यायचं बंद केलं असतं.

तिनं पदरानं नाक पुसलं. "वह्यासाठी कोन येत होतं, मामा? मायच धाडायची मला. म्हनायची, तो एकलाच बसतो, ओवी दाखवा म्हनून जा, तेवढंच बोलनं व्हईल त्याचं."

मला तिच्याकडं बघवेना. वह्या पेटीत ठेवत विचारलं, "तुला येती का ती ओवी?"

"पयली ओळ येती. पुढची माय गुनगुनायची, मी कवा ध्यान दिलं न्हाई. वहीत हाये म्हनून."

दुसऱ्या दिवशी वंदना झाली आणि सगळ्यांनी सवयीनं माझ्याकडं पाहिलं. मी उभा राहिलो. तिच्या आईचं नाव घेतलं, तिनं सांगितलेली पहिली ओळ म्हणालो आणि खाली बसलो. लोक पुढच्या ओळीची वाट बघत राहिले.