मामांनी पाहिलेलं बेंगळूर

माझ्या मामांचा या जगात एकाच गोष्टीवर विश्वास आहे, आणि ती म्हणजे त्यांचा स्वतःचा संशय. कर्नाटकच्या जंगलात, दिग्गीकडच्या आमच्या वाडीभोवती वाघ मोजायला झाडांना कॅमेरे बांधलेत. मामांच्या मते ते माणसं मोजतात. म्हणून त्यांच्यासमोरून मामा पाठ करून, खेकड्यासारखे आडवे सरकत जातात. कुठल्यातरी कचेरीत आज मामांच्या पाठीचे ढीगभर फोटो पडून असणार. फुकट मच्छरदाण्या वाटायला बाई आली, तिला ते म्हणाले, "आदी तू निजून दाखव." लोक हसतात. मी हसत नाही. ज्यांना वाघांसाठी म्हणून गोड आवाजात "स्वखुशीने गाव सोडा" असं सांगितलं जातं, त्यांनी संशय घ्यायचा नाही तर काय हार घ्यायचे? त्या गोडव्याविरुद्ध मी घरोघर पत्रकं वाटते. आणि मामा माझं पत्रकसुद्धा उन्हाला धरून बघितल्याशिवाय घेत नाहीत.

मामांचा मुलगा आणि सून बेंगळूरला कपड्यांच्या कारखान्यात कामाला आहेत. सात वर्षांची चिमी आणि पाचाचा बाळू मात्र वाडीत, मामा-मामींजवळ. मे महिन्यात मुलाचा फोन आला, "बाबा, पोरांस्नी शहर दाखवतो, धाडा." मामांनी फोन ठेवला आणि मला म्हणाले, "वासराला दुसऱ्या गोठ्याची सवय लावायची तर आदी पेंड दाखवत्यात गे. ही पोरं जूनला परत यायची न्हाईत." वाडीत आता ही दोनच लहान मुलं उरलीत. मामा राखण म्हणून निघाले, आणि कन्नड पाट्या भराभर वाचते म्हणून मला बरोबर घेतलं.

मग चार दिवस मामांनी बेंगळूर पाहिलं म्हणण्यापेक्षा बेंगळूरची झडती घेतली. मेट्रोच्या सरकत्या जिन्यापाशी पोरांना धरून ठेवलं आणि उतरणारा जिना कुठे आहे ते आधी स्वतः पाहून आले. "जे आपणहून वर नेतंय, ते परत आणतंय काय बघाय नको?" एका भल्यामोठ्या सरकारी इमारतीसमोर पोरं फोटोसाठी उभी राहिली, तर मामा म्हणाले, "इतक्या खिडक्या, आणि आमच्याकडं तोंड केल्याली एकबी न्हाई." आईस्क्रीम तेवढं त्यांना पटलं, कारण ते त्यांच्या डोळ्यांदेखत वितळत होतं.

पण खरी कमाल झाली लालबागेच्या उद्यानात. आमच्या रानात दोन वाटा फुटल्या की पुढचा माणूस चुकीच्या वाटेवर हिरवी डहाळी आडवी टाकतो, मागच्याने तिकडे वळू नये म्हणून. पोरं मागे रेंगाळत होती. मामांनी सवयीनं एक डहाळी मोडली आणि डावीकडच्या रस्त्यावर आडवी टाकली. पोरं बरोबर उजवीकडून आली. पण त्यांच्यामागून आलेली बूट घातलेली, शिकलेली माणसंही डहाळी बघून थबकली आणि मुकाट उजवीकडे वळली. बघता बघता डावा रस्ता ओस. राखणदार कन्नडमध्ये ओरडत आला, तर मामाही कन्नडमध्येच म्हणाले, "मी वाट बंद केली न्हाई. वाट चुकू नये म्हणून सांगितलं." इतकी वर्षं मी घोषणा देते, माझ्या सांगण्यावरून एक माणूस कधी वळला नाही.

शेवटच्या दिवशी मुलगा पोरांना घेऊन चपलांच्या दुकानात शिरला आणि काळे बूट मागितले. मामांनी एक बूट उलटा करून पाहिला.

"फिराय काळं बूट?"

मुलगा खाली बघत म्हणाला, "शाळंत नाव घाटलंय, बाबा. दोगांचंबी."

मी पेटलेच. गावं रिकामी करायचे डाव, आपल्याच घरातून लागलेला सुरुंग, असं काय काय दुकानात उभ्यानं बोलले.

"गप गे," मामा म्हणाले. "ही सबा न्हाई." मग ते चिमीसमोर उकिडवे बसले. "काय आवडलं गे तुला हितं? जिना? आईस्क्रीम?"

चिमीनं पुष्कळ विचार केला. "आज्जा, हितं आयजवळ निजाय मिळतंय."

मामा उठले. बुटाचं टोक अंगठ्यानं दाबून दुकानदाराला म्हणाले, "एक नंबर मोठा दे. पाय वाढतोय."

परतीच्या गाडीत आम्ही दोघंच. लोंढा गेलं, कॅसलरॉककडची झाडी खिडकीला लागली, तेव्हा कुठे मामांनी तोंड उघडलं. "पोरगी खरंच बोलली काय गे? का तिला शिकवून ठेवल्यालं?"

"खरंच बोलली, मामा."

त्यांनी होकारार्थी मान हलवली. उभ्या जन्मात कुणाचा शब्द त्यांनी असा उलटसुलट न करता घेतला नव्हता. मी आमचं कॅसलरॉक स्टेशन येईपर्यंत वाट बघितली, की आता शंका काढतील, नंतर काढतील. काढावी, असं मलाच फार वाटत होतं.