परतीचे गाणे

सूनबाई लवंगा भाजू लागली, की रायस्वाइक या डच गावातले आमचे पूर्वीचे शेजारी आठवतात. लवंग पिकवणाऱ्या मोलुक्कन बेटांवरच्या मूळ रहिवाशांच्या कुळातले ते गायक. जन्म मात्र इथलाच. बेटावर परतण्याचे एक गाणे त्यांनी विसाव्या वर्षी रचले आणि पुढे पन्नास वर्षे लोकांनी त्यांच्याकडून तेवढेच मागितले. एका दुपारी त्यांच्या वस्तीच्या सभागृहात जिभेखाली लवंग धरत ते मला म्हणाले, “आज जुने नाही. इथल्या घरावर नवे रचले आहे, तेच म्हणणार.” दोन ओळी होतात तोच पहिल्या रांगेतून त्यांची थोरली बहीण ओरडली, “ते राहू दे रे, आपल्या बेटाचे म्हण! मरायच्या आधी एकदा ऐकू दे.” लोक हसले, टाळ्या पडल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिले. मीही टाळ्याच वाजवत होतो. त्यांनी लवंग रुमालात काढून ठेवली आणि जुने गाणे म्हटले. परतताना मी विचारले, “बेटावर कधी गेलात?” “कधीच नाही,” ते म्हणाले, “गेलो असतो, तर हे गाणे म्हणणे सुटले असते.” नवे गाणे मी पुन्हा ऐकले नाही. काल पुण्याहून धाकट्या भावाने फोनवर विचारले, “दादा, परत कधी येणार?” मी गेल्या वर्षीचेच उत्तर दिले: “दिवाळीनंतर.”