असहमतीची खुर्ची

अख्ख्या नागपुरात आवाज न चढवता 'नाही' म्हणता येणारा माणूस एकच होता, आणि तो माझ्या नशिबी सासरा म्हणून आला होता. त्यांचं नाव सांगत नाही. आमच्याकडे सुनेनं सासऱ्याचं नाव घ्यायचं नसतं, आणि मी बाकीचे बरेच नियम मोडले असले तरी हा एक अजून शाबूत ठेवला आहे. सासऱ्यांना आमच्याकडे मामाजी म्हणतात, तेव्हा इथेही मामाजीच. सत्तरच्या दशकात प्रताप नगरातल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत मामाजी रोज संध्याकाळी इंग्रजी संभाषणाचा वर्ग चालवायचे. दिवसा ते एका कचेरीत हेडक्लार्क होते. तिथे साहेबांच्या प्रत्येक वाक्याला 'येस सर' म्हणून जी असहमती पोटात साचायची, ती संध्याकाळी ते विद्यार्थ्यांना वाटून टाकतात, असं माझा नवरा म्हणायचा. अर्थात त्यांना ऐकू जाणार नाही अशा बेतानं.

मामाजींच्या मते इंग्रजीतून दोनच गोष्टी शिकण्यासारख्या होत्या, सल्ला कसा द्यावा आणि विरोध कसा करावा. 'आपल्या इकडे सल्ला देला तं हुकूम वाटते, अन् नाही म्हटलं तं भांडण वाटते,' हे त्यांचं पहिल्या दिवशीचं भाषण. सल्ल्यासाठी त्यांचं एकच लाडकं वाक्य होतं, 'इफ आय वेअर यू', म्हणजे मी तुमच्या जागी असतो तर. हे वाक्य ते वर्गापुरतं ठेवत नसत. भाजीवालीच्या जागी असतो तर वांगी सावलीत ठेवली असती, रिक्षावाल्याच्या जागी असतो तर पुढच्या चाकात थोडी हवा भरली असती, असं करत करत ते दिवसभरात निम्म्या नागपूरच्या जागी जाऊन यायचे. फोडणीच्या वेळी ते सासूबाईंच्याही जागी जात. सासूबाई शांतपणे 'हो' म्हणायच्या आणि मोहरी पाहिजे तेवढीच टाकायच्या.

विरोधाची मात्र रीतसर पद्धत होती. खोलीच्या मधोमध एक वेताची खुर्ची ठेवलेली असायची, तिचं नाव असहमतीची खुर्ची. ज्याला विरोध करायचा त्यानं आधी येऊन तिच्यावर बसायचं. उभ्यानं विरोध केला की माणूस हात उगारतो, असं मामाजींचं निरीक्षण होतं. मग पेलाभर पाणी सावकाश प्यायचं. मग समोरच्याचं म्हणणं त्याचं समाधान होईपर्यंत सांगायचं आणि त्यानं 'करेक्ट' म्हटल्यावरच आपलं मत मांडायचं. उत्तर देणाऱ्यानंही आधी पाणी प्यायचं. तोपर्यंत निम्मे लोक आपला मुद्दा विसरून जात, आणि मामाजींना तोच पद्धतीचा मोठा फायदा वाटे.

हे पाणी भरून देणं माझ्याकडे होतं. माठात वाळ्याची जुडी सोडलेली असायची, आणि त्या गार पाण्याच्या लोभानं मे महिन्यात वर्गातली असहमती भलतीच वाढायची. सूर्य पूर्वेला उगवतो हेसुद्धा कुणाला पटेनासं व्हायचं. इतवारीत भांड्यांचं दुकान असलेले एक शेठ होते. दिवसभर हातगाड्यांच्या गोंगाटात ओरडून ओरडून त्यांचा आवाज फाटलेला, पण पाणी प्यायल्यावर ते इतक्या हळू विरोध करत की ऐकायला पुढे वाकावं लागे. वर्गासाठी पितळी पेला त्यांनीच आणून दिला होता. दुसरा एक विद्यार्थी नोकरीच्या मुलाखतीला गेला. साहेब सहज म्हणाले, आज हवा छान आहे. यानं खुर्ची पुढे ओढली, पाणी मागवलं, साहेबांचं म्हणणं साहेबांना ऐकवलं, त्यांच्याकडून 'करेक्ट' वदवून घेतलं आणि मग हवा कशी छान नाही ते सांगितलं. नोकरी हुकली. मामाजींनी मात्र वर्गात पेढे वाटले. 'पद्धत सोडली नाही पोट्ट्यानं,' असं ते पुढचा आठवडाभर सांगत होते.

हे सगळं मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकायचे आणि न सांगता शिकायचे. बी.ए.चं दुसरं वर्ष झालं आणि माझं लग्न झालं. शेवटचं वर्ष राहिलं होतं, आणि ते करायचं हे माझ्या मनातून एक दिवस गेलं नव्हतं. दर जूनमध्ये मी नवऱ्याकडून विचारायचे, आणि मामाजींचा निरोप यायचा, पुढच्या वर्षी पाहू. अशी तीन वर्षं गेली. मी स्वतः बोलणार कशी? सासऱ्यासमोर सुनेनं खुर्चीवर बसायचं नसतं, आणि बसल्याशिवाय विरोध करायचा नाही हा मामाजींचाच नियम.

चौथ्या जूनमध्ये प्रवेशाची मुदत दोन दिवसांवर आली होती, आणि सकाळीच 'पुढच्या वर्षी पाहू' येऊन गेलं होतं. संध्याकाळी मामाजींनी वर्गाला विरोध करण्यासाठी वाक्य दिलं, की चांगल्या कामाची कधी घाई करू नये. त्या दिवशी काय झालं होतं कोण जाणे, सगळ्यांना ते पटलं. शेठनासुद्धा. खुर्ची रिकामी, आणि मी भरलेला पेला घेऊन उभी. मी डोक्यावरचा पदर सारखा केला, खुर्चीवर बसले आणि ते पाणी स्वतः प्यायले.

मी इंग्रजीतच सुरुवात केली. म्हटलं, तुमचं म्हणणं असं की सुनेनं कॉलेज पुढच्या वर्षी करावं. मामाजींनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा विद्यार्थ्यांकडे, आणि 'करेक्ट' म्हणाले. दुसरं काय म्हणणार? तुमचा मुद्दा कळतो, इथपर्यंत माझं इंग्रजी पुरलं. पुढचं घरच्याच भाषेत आलं.

'पण मले पटत नाही, मामाजी. मले याच वर्षी शिकाचं आहे.'

उत्तराआधी पाणी. मामाजींनी सवयीनं हात पुढे केला, तर पेला माझ्या हातात रिकामा आणि पाणी देणारी खुर्चीत. मी उठायला लागले तर त्यांनी खुणेनंच बसवलं. खुर्चीतल्या माणसाला उठवायचं नाही, हाही त्यांचाच नियम. त्यांनी पेला घेतला आणि ते स्वतः माठाकडे गेले. त्या घरात इतक्या वर्षांत त्यांनी हातानं पाणी घेतलेलं नव्हतं. ओगराळं कुठे असतं हेही त्यांना माहीत नव्हतं.

'खुंटीले आहे,' सासूबाई आतून म्हणाल्या. तो आवाज ऐकून मला प्रथमच कळलं की त्या माझ्या बाजूच्या आहेत.

मामाजी सावकाश पाणी प्यायले. मग त्यांचं लाडकं वाक्य मी पहिल्यांदाच मराठीत ऐकलं. 'मी तुह्या जागी असतो तं,' ते म्हणाले, 'तीन वर्षं थांबलो नसतो.'

दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या रांगेत ते स्वतः माझ्यासोबत उभे होते, आणि खिडकीतल्या कारकुनाच्या जागी असते तर त्यांनी फॉर्म कसा छापला असता हे त्याला समजावून सांगत होते. मी बी.ए. झाले, पुढे शाळेत इंग्रजी शिकवू लागले. मामाजींना माझी शिकवण्याची पद्धत कधीच पटली नाही, आणि दर रविवारी ते खुर्चीत बसून तसं सांगत. ते रविवार मला फार आवडायचे.

मामाजींच्या शेवटच्या उन्हाळ्यात मात्र त्यांना सगळंच पटू लागलं. डॉक्टर म्हणतील ते करेक्ट, सासूबाई म्हणतील ते करेक्ट. जेवण घेईनात. आता पुरे झालं, म्हणायचे. घरात कुणी विरोध करत नाही हे मला सहन होईना. एका दुपारी मी वेताची खुर्ची त्यांच्या पलंगाशी ओढली, बसले, पाणी प्यायले आणि म्हटलं, 'तुमचं म्हणणं असं आहे, का आता पुरे झालं.'

'करेक्ट,' ते डोळे मिटूनच म्हणाले.

'मले पटत नाही, मामाजी.'

त्यांनी डोळे उघडले. उत्तर देणं भाग होतं, म्हणून पाण्यासाठी हात पुढे केला. मी पेला भरून दिला. ते सावकाश अर्धा पेला प्यायले आणि माझ्याकडे पाहून पूर्वीसारखे हसले.

'उद्या सांगतो,' ते म्हणाले. उरलेलं अर्धं पाणी मी झाकून ठेवलं.