तोंड नको, ताट दाखव

"तोंड नको, ताट दाखव."

आमच्या खालच्या मजल्यावरच्या आपा कुणाच्याही घरी अशाच शिरत. कशी आहेस, बरी आहेस का, असलं काही नाही. कपाळावरचा चष्मा नाकावर ओढायचा आणि थेट जेवणाच्या टेबलाकडे जायचं. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. त्यांची चाहूल लागली की आपला हात आधी लाडवांच्या डब्यावर झाकण ठेवायला जातो.

आपा निवृत्त नर्स. सगळी नोकरी बाळंतिणींच्या वॉर्डात झालेली. त्यामुळे बिल्डिंगमधल्या प्रत्येक गरोदर बाईवर आपला हक्क आहे, असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं.

मी त्यांच्या तावडीत सापडले ती सहाव्या महिन्यात. गोड पाणी पाजून रक्त तपासलं आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गरोदरपणातली शुगर आहे. दोन आठवडे खाणं सांभाळा, चाला, रोज तपासा. आकडे उतरले नाहीत तर इन्सुलिन सुरू करू." मला सुई टोचण्याची भीती नव्हती. भीती वेगळीच होती. सुई लागली म्हणजे आई व्हायच्या आधीच मी नापास, असं मनानं घेतलं होतं. आपल्याच हातून बाळाचं काही वाकडं होतंय या विचारानं घास उतरत नव्हता. मी भात सोडला, पोळी सोडली, आणि ताटात चार काकड्या घेऊन बसले.

आपांनी ते ताट पाहिलं. "हे काय? बकरी हाय का तू?"

दुसऱ्या दिवसापासून माझं ताट त्यांच्या ताब्यात गेलं. आधी कोशिंबीर, मग मेथीची भाजी, मटकीची उसळ, ताक, आणि शेवटी ज्वारीची भाकरी, पण एकच. भात अगदी सोडायचा नाही, वाटीनं घ्यायचा. "उपाशी नाय ऱ्हायचं बेटा. थोडं थोडं, येळेवर. लई खायचं नाय आन् लई डरायचं बी नाय." जेवून मी टेकले की टाळी वाजवायच्या. "ऊठ! चल पार्किंगमध्ये." शेंद्रा एमआयडीसीतल्या कंपनीतली माझी नोकरी चालू होती, तिथंही दुपारी बरोबर सव्वा वाजता फोन यायचा. उचलला की आवाज, "उठली का?"

तरी संध्याकाळचा आकडा काही हलेना. आपा बुचकळ्यात पडल्या. एकदा त्या बेल न वाजवताच आत आल्या आणि चोर सापडला. सासूबाई मला डिंकाचा लाडू भरवत होत्या. आमच्या सासूबाई वेरूळकडच्या, सुनेवर जीव टाकणाऱ्या. आठवडाभर रोज संध्याकाळी हा कार्यक्रम चालू होता आणि मीही मुकाट्यानं खात होते, कारण गुळानं शुगर वाढत नाही हे त्यांचं म्हणणं मला मनापासून पटलं होतं.

"गुळाचा हाय आपा," सासूबाई म्हणाल्या. "साखरंचा कण नाय त्यात. पोटुशी बाईनं काय हवा खायाची व्हय?"

आपा रागावल्या नाहीत. खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "व्हय का? मग तुमी बी खावा एक." सासूबाईंनी आनंदानं एक सोडून दोन खाल्ले. आपांनी दोन तास इकडच्या तिकडच्या गप्पा मारल्या, शहागंजातल्या कापडाच्या भावापासून सगळ्या. मग माझं शुगर तपासायचं मशीन मागितलं, नवी सुई लावली आणि सासूबाईंचं बोट धरलं. आकडा माझ्यापेक्षा कितीतरी मोठा निघाला.

"या बया!" सासूबाई एवढंच म्हणाल्या.

पुढच्याच आठवड्यात डॉक्टरांनी तपासून त्यांना शुगरची गोळी सुरू केली आणि डबा गेला माळ्यावर. आता पार्किंगमध्ये आम्ही तिघी फिरायला लागलो. मी मध्ये, दोघी दोन बाजूंना, आणि माझ्या डोक्यावरून त्यांची भांडणं. सासूबाई मला लाडू देईनाशा झाल्या, पण आपांना न विचारता पेरूची फोड मात्र हळूच हातात ठेवायच्या. आपा बघून न बघितल्यासारखं करायच्या.

जेवणानंतरचे आकडे उतरले. सकाळचा उपाशीपोटीचा आकडा मात्र अडून बसला. डॉक्टरीणबाईंनी इन्सुलिन लिहून दिलं. तिथून थेट येऊन मी आपांच्या सोफ्यावर बसून ढसाढसा रडले. "आपा, सगळं केलं हो मी. तरी हरले."

आपा उठल्या. फ्रिज उघडून इन्सुलिनचं पेन आणलं, माझ्यासमोर बसल्या, कुर्त्याची कड जराशी उचलली आणि स्वतःच्या पोटात सुई टोचली. रोज माझ्याबरोबर चालणाऱ्या या बाईला स्वतःला शुगर आहे हे मला माहीत नव्हतं.

"पंधरा साल झाले," त्या म्हणाल्या. "मी हरले दिसते का तुला? ताट आपल्या हातात असतं बेटा, सगळंच नाय. जे हातात नाय त्याला दवा." मग माझं पेन हातात दिलं. "आता तू."

मुलगी झाली, ठणठणीत. आपांनी तिला हातात घेतलं आणि आधी माझ्याकडे वळून विचारलं, "तू जेवली का?"

गेल्या वर्षी मुलानं त्यांना पुण्याला नेलं. व्हिडिओ कॉल येतो, तेव्हा मी सवयीनं फोन ताटाकडे धरते. परवा मी म्हटलं, "आपा, आज तुमचं ताट दाखवा." त्यांनी दाखवलं. निम्मी भाकरी, थोडी भाजी, सगळं नियमात.

"आणि चालायला जाता का?"

"जाते ना. पण इथं सोबतीला कोन हाय?"

सासूबाई माझ्या शेजारीच बसल्या होत्या. त्या उठल्या आणि चपला घालायला लागल्या. "चल गं, फोन घे," म्हणाल्या. आम्ही पार्किंगमध्ये उतरलो, लेक पुढे पळत सुटली. तिकडे पुण्यात आपाही कुठल्याशा जिन्यावरून खाली येत होत्या, धाप ऐकू येत होती. मी फोन हातात धरून चालत होते, त्यांना नुसती फरशी दिसत असणार.

"बेटा," त्या म्हणाल्या, "आज तोंड दाखव."