कुंकू वरच्या अंगाला होतं

माझ्या बायकोला माझं सगळं माहीत आहे. मी तंबाखूची पुडी कुठे लपवतो, कोणत्या पाहुण्याला पाहून माझं डोकं फिरतं, सासऱ्यांशी मी का बोलत नाही – सगळं. हे मात्र तिलाही माहीत नाही. कोणालाच नाही. तुम्हाला सांगतोय कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि ओळखत असाल तर वाचून झाल्यावर रस्त्यात रामराम घालायचा की तोंड फिरवायचं, ते तुमचं तुम्ही पाहा.

केनवडच्या बाजाररस्त्यावर माझं दुकान आहे. आज तिथे मोबाईलच्या काचा बदलून मिळतात, झेरॉक्स निघते, जुन्या फोटोंच्या फ्रेमा होतात. पण एक काळ होता – लग्न म्हटलं की शूटिंग माझं. कॅमेरा माझा, दिव्याची छत्री माझी, आणि पंधरा दिवसांनी नवरा-नवरीचा फोटो छापलेली डीव्हीडी माझी. रिसोडपासून रिठदपर्यंत माझ्या डिस्का घरोघरी गेल्या. गर्व होता मला. का नसावा? लोक बोलवायला यायचे तेव्हा आधी माझी तारीख विचारायचे, मग आचाऱ्याची.

आता थोडं मशीनचं सांगतो. कंटाळू नका, त्याच्याशिवाय पुढचं कळणार नाही.

डिस्कवर रेघ एकच असते. आतून सुरू होते आणि गोल गोल फिरत बाहेर जाते – केसाहून कितीतरी बारीक. तिच्या खालून एक लेन्स चालते. लेझरचा किरण वर सोडते आणि रेघ वाचत जाते. डिस्क कितीही डगमगली तरी त्या लेन्सनं रेघ सोडायची नाही. जरा डावीकडे गेली की उजवीकडे यायचं, उजवीकडे गेली की डावीकडे. आमच्या धंद्यात त्याला ट्रॅकिंग म्हणतात. गिऱ्हाइकांना मी सांगायचो, नांगरताना बैल तासात, म्हणजे सरीत चालतो ना, तसं. तास सुटला की चित्र अडकलं. लोकांना पटकन समजायचं, आणि मलाही आपण फार हुशार असल्यासारखं वाटायचं.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. लेन्स खालून वाचते. नेहमी खालून.

त्या वर्षी माझा राइटर – म्हणजे डिस्कवर रेघ लिहिणारं मशीन – म्हातारा झाला होता. लिहिता लिहिता मधेच एका जागी थरथरायचा. लिहिलेली डिस्क उजेडात तिरकी धरली की त्या जागी एक फिकट कडं दिसायचं, पूर्ण गोल. तिथे रेघ कच्ची लिहिली गेलेली असायची. दुसरं कोणतंही मशीन तिथे आलं की त्याचा तास सुटणार. मला हे माहीत होतं का? होतं. एक डिस्क आधीच परत आली होती. पण सीझन जोरात होता. नवा राइटर आणायला अकोल्याला जायला पाहिजे होतं, आणि एक दिवस दुकान बंद ठेवायला माझं मन होत नव्हतं. ज्यांच्या हाताखाली मी शिकलो ते सांगायचे – डिस्क द्यायच्या आधी पहिल्या मिनिटापासून शेवटच्या मिनिटापर्यंत डोळ्यांनी पाहायची. मी सुरुवात पाहायचो, शेवट पाहायचो. मधलं जाऊ द्यायचो.

रिठदच्या विश्वनाथभाऊंच्या वैशूचं लग्न त्याच सीझनमधलं. हे लोक मळेवाले. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर पिकवायची आणि बाजाराला न्यायचं. घरात विश्वनाथभाऊ, त्यांची बायको, वैशू, आणि विश्वनाथभाऊंची बहीण – सुमनआत्या. सुमनआत्या लग्नानंतर दोनच वर्षांत विधवा होऊन माहेरी परत आली होती. वैशूला तिनंच वाढवलं. आई मळ्यात, बाप बाजारात, आणि पोट्टी आत्याच्या कडेवर. सगळ्या गावाला हे माहीत होतं.

वैशू लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी आली, तेव्हा डिस्क घेऊन मीच गेलो. मानानं बोलावलं होतं. दुपारची वेळ. ओसरीवर टीव्ही मांडलेला, उजेड येऊ नये म्हणून दोन बाजूंना चादरी बांधलेल्या, आणि समोर सगळी गल्ली बसलेली. मला खुर्ची, चहा, चिवडा. डिस्क आधी आत देवापुढे नेली, मग बाहेर आणली. त्या घरात नवी वस्तू आली की तिला हळदकुंकू लागायचं. फवारणीचा पंप असो की फ्रीज. डिस्कवर, नवरा-नवरीच्या छापलेल्या फोटोच्या मधोमध, कुंकवाचं एक बोट लागलेलं होतं. ओलं कालवून लावलेलं आणि वाळलेलं.

मीच ती मशीनमधे घातली. हळद झाली, वरात आली, लोक हसत होते, आपापलं तोंड दिसलं की ओरडत होते. मग मंगलाष्टकं. शेवटचं मंगलाष्टक, अंतरपाट धरलेला, सगळ्यांचे हात अक्षता टाकायला वर – आणि चित्र थांबलं.

वैशूच्या चेहऱ्याचे चौकोन चौकोन झाले. भटजींचा आवाज अडखळत राहिला, तेच एक अक्षर, पुन्हा पुन्हा. मी पुढे ढकललं, मागे घेतलं, डिस्क काढून पुसली, परत घातली. पुन्हा तिथेच. कोणीतरी बाई मागून म्हणाली, "अवो, हे काय अशुभ झालं!"

डिस्क हातात घेतली, चादरीच्या फटीतून आलेल्या उन्हात तिरकी धरली. कडं दिसलं. फिकट, पूर्ण गोल. माझं कडं.

खरं काय सांगायचं होतं? "भाऊ, माझं मशीन बिघडलंय, चूक माझी." एवढंच. त्यावर विश्वनाथभाऊंनी विचारलं असतं – मग दुसरी काढून दे. आणि दुसरी निघणार नव्हती. ज्या टेपवर वैशूचं लग्न होतं, त्याच टेपवर मी आठ दिवसांनी कारंज्याचं लग्न शूट केलं होतं. कॉम्प्युटरमधलंही पुसून टाकलं होतं, जागा पाहिजे म्हणून. वैशूचं लग्न आता फक्त त्या कच्च्या डिस्कमधे होतं. आणि समोर बसलेल्या गल्लीतल्या तीन घरांनी मला पुढच्या तारखा दिलेल्या होत्या.

मी डिस्क उलटी केली. कुंकू दिसलं.

"हे कुंकू कोणं लावलं?" मी विचारलं.

दाराआडून सुमनआत्या पुढे आली. हसतच. तिला वाटलं, मी कौतुक करतोय. "म्या लावलं, भाऊ. घाईघाईत साऱ्याइच्या ध्यानातून राह्यलं होतं. काहून?"

आणि मी म्हणालो – कुंकवानं झालं.

दोन शब्द. आवाजही चढवला नाही. मशीनच्या जाणकारानं सांगावं तसं, शांत. कुंकू वरच्या अंगाला होतं हो. फोटोवर. लेन्स खालून वाचते. त्या बोटभर कुंकवाचा आणि त्या अडकण्याचा काडीचा संबंध नव्हता, आणि त्या ओसरीवर हे एकट्या मला माहीत होतं.

सुमनआत्याचं हसू लगेच गेलं नाही. थोडा वेळ तसंच तोंडावर राहिलं, जसं काही तिला अजून समजायचं होतं. मग वैशूच्या आईनं तिच्याकडे पाहिलं. विधवेच्या हातचं कुंकू, आणि चित्र अडकलं ते कुठे? नेमकं अक्षतांवर. पुढचं जोडायला गावाला कोणाची गरज नव्हती. मी चहा संपवला. कप खाली ठेवला. निघालो.

तेव्हाच सांगता आलं असतं. दुसऱ्या दिवशी आलं असतं. दुकानात बसून मी रोज ठरवायचो – या बुधवारी जाईन, पुढच्या बुधवारी जाईन. मग नवा राइटर आणला, जुना भंगारात दिला. पुरावाच गेला म्हणून हायसं वाटलं मला. असा माणूस मी.

वर्ष झालं असेल. विश्वनाथभाऊ फोटो फ्रेम करायला आले. बोलता बोलता म्हणाले, वैशूचं पोटातलं लेकरू पाचव्या महिन्यात गेलं. मग म्हणाले, "बायकोनं तवाच सांगतलं होतं, ते डिस्क अडली तवाच. आता सुमनले मळ्यातली खोली देली. थे तिथिसाच राह्यते. घरातल्या कार्याले हात नाई लावत." सांगताना त्यांचे डोळे भरले, सख्खी बहीण होती. मी काय केलं? फ्रेमची काच पुसत होतो, ती पुसत राहिलो. म्हणालो, "जाऊ द्या भाऊ, नशीब असते एकेकाचं."

नशीब! जीभ झडायला पाहिजे होती माझी.

वैशूला पुढे दोन लेकरं झाली, चांगली धडधाकट. पण सुमनआत्या मळ्यातच राहिली. बारशाला नाही, वास्तूला नाही. मेथीच्या जुड्या बांधते, बाजारात पाठवते, राखण करते. रिठदच्या वाटेनं गेलो की ती खोली दिसते – टिनाची, दारापुढे जास्वंद. मी गाडी जोरात काढतो.

आता मागच्या महिन्यातलं.

सकाळी दुकान उघडून बसलो होतो. एसटीतून सुमनआत्या उतरली. केस पांढरे झालेले, पाठीत वाकलेली. एका हातात मेथी-सांबाराची पिशवी, दुसऱ्या हातात जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेलं काहीतरी. आत डिस्क आहे, मी पाहताच ओळखलं. मला वाटलं, समजलं हिला. कोणीतरी सांगितलं. इतक्या वर्षांनी – आणि खोटं नाही सांगत, क्षणभर बरं वाटलं.

तिला काही समजलं नव्हतं. वैशूच्या पोरीला आईचं लग्न पाहायचं होतं, म्हणून आत्यानं भावाच्या कपाटातून डिस्क गुपचूप मागवून घेतली होती. स्टुलावर टेकली आणि म्हणाली, "म्या पुसून आनली, भाऊ. लय हळू पुसली, कपडा वला करून. जरासा लाल डाग राह्यला. आता तरी निघंल काय?"

मी डिस्क घेतली. फोटोवर लालसर सावली होती अजून. खाली कडं होतं, तसंच.

आताची मशीनं वेगळी. हळू वेगावर लावलं, तर कच्ची रेघही कधी कधी धरून ठेवतात. अडकलं, सुटलं, परत धरलं. तास-दीड तास गेला. ती उठली नाही, पाणीसुद्धा मागितलं नाही. आणि मग ते निघालं. सगळं.

अंतरपाट दूर झाला. अक्षता पडल्या. कॅमेरा फिरला – मीच फिरवला असेल, मला आठवत नाही – आणि मांडवाच्या मागच्या बाजूला, भांड्यांजवळ, सुमनआत्या उभी होती. पदराखालून हात काढून तिथूनच अक्षता टाकत होती. त्या नवरा-नवरीपर्यंत पोचतसुद्धा नव्हत्या. आणि हार घातल्याबरोबर वैशूनं मान वर केली, नवऱ्याकडे नाही, तिच्याकडे. आणि हसली.

"पाह्य," सुमनआत्या म्हणाली, "पोट्टी मलेच पाहून राह्यली." तिनं पदर तोंडाला लावला. मी पेनड्राइव्ह काढून तिच्या हातात दिला. आता सांग. आता तरी सांग. दुकानात तिसरं माणूस नव्हतं, एकही तारीख अडलेली नव्हती, टेप नव्हती, गल्ली नव्हती. गमावण्यासारखं माझ्याजवळ काय उरलं होतं?

तिनंच विचारलं. "म्हंजे कुंकू पुसलं म्हनून निघालं नं, भाऊ?"

मी म्हणालो, "हाव, आत्या."

तिनं मान हलवली. कित्ती समाधानानं! "मले वाटतच होतं. माह्या हातानं बिघडलं होतं, माह्या हातानं सुधरलं." लुगड्याच्या तुकड्यात डिस्क परत गुंडाळली, पेनड्राइव्ह कनवटीला लावला आणि बारा वाजताच्या एसटीनं रिठदला गेली. मळ्यातल्या खोलीत.

पिशवी ती माझ्याकडेच सोडून गेली. बायकोनं त्या दिवशी मेथीची भाजी केली. मी दोन भाकरी खाल्ल्या.