मावशींनी चालत्या केलेल्या खुर्च्या

शाळेच्या दुसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या तोंडाशीच प्रयोगशाळा होती आणि प्रयोगशाळेत मावशी होत्या. हुद्दा म्हणाल तर प्रयोगशाळा परिचर. परीक्षानळ्या धुवायच्या, स्पिरिटचे दिवे भरायचे, बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या आणि पोरांनी सांडलेलं पुसून काढायचं, हे त्यांचं काम. पण शाळेत कुठे पंखा कुरकुरला, घंटा अडकली किंवा ऑफिसच्या कपाटाची किल्ली फिरेनाशी झाली, की शिपाई कोणाला न विचारता दुसरा मजला गाठायचा. मावशी हात पुसत यायच्या, कान लावून ऐकायच्या, आणि मग पेचकस मागायच्या. त्यांचे वडील घड्याळं दुरुस्त करायचे. दुकानातल्या स्टुलावर बसूनच मावशींचं लहानपण गेलं होतं. दहावीनंतर शिक्षण थांबलं. पण यंत्र आधी ऐकायचं आणि मग उघडायचं, ही सवय काही सुटली नाही.

बोलायला तशा कमी. शिकवायचं काम सरांचं, आपलं धुवायचं, असं त्या स्वतःच सांगायच्या. मात्र प्रयोग फसला की पोरं सरांकडे जायच्या आधी मावशींकडे बघायची. मावशी नुसती भुवई उचलून दिव्याकडे किंवा तारेकडे नजर टाकायच्या, आणि चूक सापडायची.

त्या वर्षी नववीची शैक्षणिक सहल सरकारी रुग्णालयात गेली. रक्तपेढी, क्ष-किरण विभाग, प्रयोगशाळा असं सगळं दाखवायचं ठरलं होतं. सोबत जायच्या होत्या त्या बाई आदल्या दिवशी तापाने आडव्या झाल्या. मुलींबरोबर कोणीतरी बाईमाणूस हवं, म्हणून विज्ञानाचे सर प्रयोगशाळेत आले.

"मावशी, उद्या चला. तुम्हाला काही करायचं नाही, नुसतं डोकी मोजायची."

मावशी गेल्या. एकेचाळीस डोकी प्रत्येक दारात मोजत होत्या. क्ष-किरण विभागाच्या बाहेर मात्र मोजणी अडली. एक माणूस आपल्या म्हाताऱ्या वडिलांना पाठीवर घेऊन जिना चढून आला होता. धापा टाकत त्याने त्यांना बाकावर ठेवलं. वडील लाजून खाली बघत होते.

वर्गात एक मुलगी होती. सरांनीच तिचं नाव प्रश्नपत्रिका ठेवलं होतं, कारण ती भेटली की किमान पाच प्रश्न सोडवावे लागायचे. तिने लगेच सिस्टरना विचारलं, "यांना चाकाची खुर्ची का नाही दिली? इथे तर उतार पण आहे."

"असतील तेवढ्या वापरात आहेत," सिस्टर म्हणाल्या. "बाकीच्या मोडल्यात. मागे शेडमध्ये पडल्यात."

"किती?"

"मोजल्या नाहीत बाई कधी."

सरांनी डोळे वटारले, पण प्रश्नपत्रिका मागे गेलीच. तिला आणायला म्हणून मावशी गेल्या आणि दोघी बराच वेळ परतल्या नाहीत. शेवटी सरच शोधत गेले, तर मावशी शेडमध्ये उकिडव्या बसून एका खुर्चीचं चाक फिरवत होत्या. डोळे मिटलेले, कान चाकाजवळ. शेजारी प्रश्नपत्रिका श्वास रोखून उभी.

"सर," मावशी म्हणाल्या, "हिला काही झालेलं नाही. बेअरिंग कोरडी पडलीय. त्या पलीकडच्या तिघींचंही तेच. हिची बैठक फाटलीय, तिचा ब्रेक गेलाय. एकोणीस आहेत. पाच-सहा सोडल्या तर सगळ्या चालतील."

मावशींना एका दमात इतकं बोलताना सरांनी पहिल्यांदाच ऐकलं होतं.

परतीच्या बसमध्ये प्रश्नपत्रिकेने सरांना सोडलं नाही. खुर्च्या शाळेत आणल्या तर? शनिवारी दुपारनंतर प्रयोगशाळा रिकामीच असते ना? सरांनी मुख्याध्यापिकांचं मन वळवलं, रुग्णालयाने सही-शिक्का दिला, आणि पंधरा दिवसांनी टेम्पोतून पहिल्या चार खुर्च्या आल्या. मावशींनी टेबलांवर जुनी वर्तमानपत्रं पसरली आणि अकरा मुलांना पान्हा कसा धरतात इथपासून सुरुवात करून दिली.

पहिला महिना नुसता गोंधळ होता. कोणी बेअरिंगचे छर्रे जमिनीवर सांडले, कोणी चाक उलटं बसवलं. वर्गात कायम मागच्या बाकावर झोपणाऱ्या एका मुलाचा हात चाकाचे आरे ताणण्यात इतका बसला, की सरांना आपण वर्षभर भलत्याच मुलाला शिकवत होतो की काय असं वाटलं. पालकांनी अडगळीतल्या सायकली आणून दिल्या, त्यांचे सुटे भाग निघाले. बैठकांचा प्रश्न होता. मावशींचे यजमान शिंपी. मावशींनी घरी विषय काढला तेव्हा ते म्हणाले, "अगं, मी सदरे शिवतो, खुर्च्या नाही."

"सदऱ्यात माणूसच बसतो ना? इथेही माणूसच बसणार."

ते हसले आणि पुढच्या शनिवारी जाड कापडाची गुंडाळी खांद्यावर टाकून स्वतःच शाळेत हजर झाले. चार मुलींना त्यांनी दुहेरी शिवण शिकवली.

पहिल्या चार खुर्च्या रुग्णालयात गेल्या त्या दिवशी मुलं हवेत होती. सोमवारी सकाळी मुख्याध्यापिकांच्या खोलीत फोन वाजला. एका खुर्चीचं पुढचं लहान चाक उतारावर निखळलं होतं. खुर्चीतले आजोबा एका कुशीवर पडले. हाड मोडलं नव्हतं, कोपर सोलवटलं होतं.

मुख्याध्यापिकांनी सर, मावशी आणि मुलांना बोलावलं. त्या चिडल्या नव्हत्या, घाबरल्या होत्या. "आता हे थांबवायचं," त्या म्हणाल्या. "आपण शाळा आहोत, कारखाना नाही. उद्या कोणाच्या डोक्याला लागलं तर?"

ज्या मुलाने ते चाक बसवलं होतं त्याचा चेहरा पांढराफटक पडला. तो काही बोलणार तेवढ्यात मावशी पुढे झाल्या.

"चाक याने बसवलं, पण तपासलं मी. तिथे दोन नट हवे होते, एकच होता. मला दिसलं होतं. घट्ट वाटला म्हणून मी जाऊ दिलं. चूक माझी आहे बाई."

त्या मुलाने मान वर केली. पुढे काही वर्षांनी त्याने सरांना सांगितलं, की चूक झाली तर काय करायचं ते तो त्या खोलीत शिकला.

त्याच दुपारी मावशी अर्धी रजा टाकून रुग्णालयात गेल्या. वॉर्डमधल्या सिस्टरनी खाट दाखवली. आजोबा कोपराला पट्टी बांधून बसले होते. मावशींनी आपण कोण ते सांगितलं, दुसरा नट राहिल्याचं कबूल केलं आणि माफी मागितली.

आजोबांनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुम्ही बनवली ती खुर्ची?"

"मी आणि मुलांनी."

"ब्रेक फार चांगला बसवलाय. मागचं चाक तर लोण्यासारखं फिरतं. पुढच्या नटाला पिन का नाही घातली?"

आजोबांनी तीस वर्षं लेथ मशीनवर काढली होती. त्यांनी उशाखालचा औषधाचा कागद उलटा केला आणि त्यावर चित्र काढलं. बोल्टला आडवं भोक, त्यातून पिन, पिनेची टोकं दोन्हीकडे वळवलेली. "दुसऱ्या नटाचाही भरवसा नको. हादऱ्यांनी दोन्ही सैल होतात. पण पिन असली तर नट सैल झाला तरी निघून पडत नाही." मग आवाज उतरवून म्हणाले, "थांबवू नका हं हे. दोन महिन्यांपूर्वी माझा पोरगा मला पाठीवर घेऊन वर गेला होता. लोक बघत होते. पडलो त्याचं काही नाही, त्या दिवशी जास्त लागलं होतं."

मावशींना ओळख पटली. बाकावर खाली मान घालून बसलेले ते हेच. पण त्या तसं बोलल्या नाहीत. कागद नीट घडी करून घेतला आणि घरी न जाता सरळ शाळेत आल्या. मुख्याध्यापिका निघायच्या तयारीत होत्या. मावशींनी कागद त्यांच्यासमोर ठेवला आणि आजोबा जे बोलले ते जसंच्या तसं सांगितलं. मुख्याध्यापिकांनी पर्स पुन्हा टेबलावर ठेवली.

"तपासणी कशी करणार ते मला लिहून द्या," त्या म्हणाल्या. "मग बघू."

मावशींनी लिहून दिलं. अक्षर मोठं, वाक्यं छोटी. प्रत्येक बोल्टला पिन. ज्याने खुर्ची दुरुस्त केली त्याने आधी स्वतः तिच्यात बसायचं. दुसऱ्याने ती शाळेच्या उतारावरून वीस वेळा न्यायची. शेवटी मावशी बसणार, मगच खुर्ची बाहेर जाणार. मुख्याध्यापिकांनी सही केली. मावशींचं वजन बघता त्यांना पेलणारी खुर्ची कोणालाही पेलेल, असं सर म्हणाले. त्यावर सगळ्यात जास्त मावशीच हसल्या.

वर्ष संपेपर्यंत एकोणीसपैकी चौदा खुर्च्या परत गेल्या. त्यानंतर एकही चाक निखळलं नाही.

प्रश्नपत्रिका मात्र तेवढ्यावर थांबणारी नव्हती. खुर्च्या पोचवायला गेली की ती वॉर्डात रेंगाळायची. तिने पाहिलं, की रुग्णाला खुर्चीतून खाटेवर घेताना दोन सिस्टर लागतात, कारण खुर्चीचा हात मध्ये येतो. "मावशी, हा हात दारासारखा उघडला तर? माणूस आपला आपण सरकेल."

मावशींनी थोडा विचार केला. "दाराला काय लागतं?"

"बिजागरी."

"आणि आपोआप उघडू नये म्हणून?"

"कडी."

"मग कर की."

तीन महिने लागले. पहिली बिजागरी वाकली, दुसरी कुरकुरली, कडी दोनदा बदलली. मावशींनी एकदाही तिच्या हातातून पान्हा घेतला नाही. हात शिवशिवायचे, तेव्हा त्या उठून परीक्षानळ्या धुवायला लागायच्या. सरांनी हे पाहिलं होतं. ते म्हणायचे, असं गप्प बसणं मला वीस वर्षांत जमलं नाही.

ती खुर्ची जिल्ह्याच्या विज्ञान प्रदर्शनात गेली. परीक्षकांपैकी एक जाडजूड गृहस्थ स्वतः तिच्यात बसले, कडी काढली आणि शेजारच्या बाकावर सरकले. पुन्हा खुर्चीत आले, पुन्हा सरकले. प्रश्नपत्रिका आणि तिच्या दोन साथीदारांना पहिला क्रमांक मिळाला. अर्जावर मार्गदर्शक शिक्षक अशी एक ओळ होती. तिथे सरांनी मावशींचं नाव लिहिलं होतं. प्रदर्शनाच्या कार्यालयातून विचारणा झाली, या बाई शिक्षक नाहीत, तुमचं नाव घालू का? सर म्हणाले, "मग शिक्षक म्हणजे कोण, ते मला एकदा लेखी कळवा." तिकडून काही कळवलं गेलं नाही. प्रमाणपत्र आलं तेव्हा ती जागा कोरी होती. सरांनी आपल्या कुप्रसिद्ध अक्षरात तिथे मावशींचं नाव भरलं. मावशींनी ते प्रमाणपत्र आम्लांच्या कपाटात ठेवलं, कारण प्रयोगशाळेत कुलूप लागणारं कपाट तेवढंच होतं.

राज्याच्या प्रदर्शनात त्यांना काहीच मिळालं नाही. तिथे दिवे लागणारी, आवाज करणारी यंत्रं होती. प्रश्नपत्रिका बसमध्ये खिडकीकडे तोंड करून रडली. मावशींनी समजूत घातली नाही, शेजारी बसून राहिल्या. शाळेत पोचल्यावर रुग्णालयाचं पत्र आलेलं होतं. हात उघडणाऱ्या आणखी सहा खुर्च्या करून देता येतील का? प्रश्नपत्रिकेने पत्र दोनदा वाचलं, नाक पुसलं आणि विचारलं, "बिजागऱ्या बारा लागतील ना?"

त्यानंतर दरवर्षी नववीची सहल रुग्णालयात जाऊ लागली आणि दरवर्षी शनिवारी नवी पोरं येऊ लागली. मावशी निवृत्त झाल्या तेव्हा शाळेला सत्काराचा मोठा कार्यक्रम करायचा होता. मावशींनी शाल नको म्हटलं, भाषण तर त्याहून नको. शनिवारची किल्ली तेवढी माझ्याकडे राहू दे, एवढंच मागितलं. ती मिळाली.

प्रश्नपत्रिका आता कृत्रिम हातपाय बनवण्याचं शिक्षण घेते आहे. परवा सुट्टीत आली होती. एका खुर्चीच्या चाकात बारीक खरखर होती. मावशी म्हणाल्या, बेअरिंग. ती म्हणाली, नाही, आस वाकलाय. दोघी हट्टाला पेटल्या. चाक काढून बघितलं तर आस केसभर वाकलेला होता.

मावशी घरी गेल्या. यजमान शिलाई मशीनवर बसले होते.

"आज चुकले मी," त्या म्हणाल्या. "कानाला कळलंच नाही. तिने नुसतं ऐकून ओळखलं."

यजमानांनी पाय थांबवून वर पाहिलं. एवढ्या खुशीत त्यांनी बायकोला बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं.